काजळ न धरणारी ज्योत

॥ श्री ॥

डोंगरकडा,
ता. ८ जानेवारी १९४४

चि. हरिचंद यास अनुसयाअक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की तू मामा झालास. शनिवारी दिवस उगवायला पोरगी झाली. लेकरू गुटगुटीत हाय, रंग तिच्या बापाचा घेतला, पण नाक बराबर तुपल्यावर गेलं. त्याला आता इलाज न्हाई. मी खुशाल हाय. आपल्या आत्याबाई मला डिंकाचे लाडू असे चारून राहिल्या, की जवळा बाजारला परत जाताना माझ्यासाठी दुसरी बैलगाडी जोडावी लागंल.

तकलीफ एकच, धुराची. घासलेट कंट्रोलवर महिन्याला एक बाटली मिळतं, ते कंदिलालाच पुरत न्हाई. म्हून माझ्या खोलीत शेकायला अन् पाणी तापवायला कपाशीच्या पऱ्हाट्या जाळतात. दार लावलेलं, खिडकीला पोतं. मी रडते, लेकरू रडतं, आत्याबाई पण रडतात, अन् बाहेर लोकांना वाटतं पोरगी झाली म्हून घरात सुतक पडलं.

आता खरी गोष्ट लिहिते, मन घट्ट कर. तुझे दाजी लेकीला पाह्यला आले होते. आबांच्या ताटाला ताट लावून जेवायला बसले अन् तुझी तारीफ करायला लागले. दिवाळीत हैदराबादेला आले तवा तू त्यांना कॉलेजातली ती काचेची खोली दाखवलीस ना, तेच सांगत बसले. म्हणाले, आपला हरिचंद लई हुशार, मोहाची फुलं कुजवून त्यानं माझ्या डोळ्यांदेखत दारू गाळली, काचेच्या नळीतून थेंब थेंब, पाण्यावाणी साफ, आपल्या अख्ख्या मुलखात अशी कोणाला जमायची न्हाई. मी आतून बांगड्या वाजवून राहिले, पण त्यांचं ध्यान वरणात.

आबा अर्ध्या ताटावरून उठले. हात धुतला, गळ्यातली माळ डोळ्याला लावली अन् येवढंच म्हणाले, की ज्या घरातून ग्यानबाला दारूनं उचलून नेलं, त्या घरातलं पोरगं आता दारू गाळायचं शिकून राहिलं.

तुला काय सांगायचं, ग्यानबाकाका आबांचा भाऊ कमी अन् लेक जास्त होता. आजी गेल्यावर आबांनीच त्याला खांद्यावर वाढवलं. तो गेला त्याच महिन्यात आबांनी माळ घातली. सहा वर्षं झाली, पण अजून त्याच्या घोंगडीची घडी कोणाला मोडू देत न्हाईत.

तर तुझ्या परीक्षेचा तो उर्दूतला कागद, ज्याच्यावर वालिदची, म्हंजे बापाची, सही लागते, तो आबांनी सही न करता भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. म्हणतात, आता परीक्षा बी नको अन् हैदराबाद बी नको, शिमग्याच्या आत घरी आणून औताला लावतो. कागद पंधरा फेब्रुवारीच्या आत तुझ्या हाती पायजे, हे मला ठाऊक हाय. चार वर्षांची तुझी मेहनत त्या देवळीत पडून राहिली.

मी बोलीन आबांशी. पण तू करतो काय हे मला तरी कुठं ठाऊक? तूच मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलंस, आता हे बी शिकव. मला समजंल असं लिही. पंडिताला समजंल असं लिहिलंस तर त्याच पत्रानं पाणी तापवीन.

भाचीची आठवण ठेवणे, अक्कावर माया आहे तशीच ठेवणे.

तुझी,
अनुसयाअक्का

———

हैदराबाद,
ता. १४ जानेवारी १९४४

ति. अक्कास हरिचंदचा शिरसाष्टांग नमस्कार. तिळगूळ कागदातून पाठवता येत नाही, तेव्हा गोड बोलूनच भागवतो.

तुझं पत्र आलं अन् मी वसतिगृहातल्या बारा पोरांना चहा उकळून पाजला. मामा झालो म्हणून. पुढचं पान वाचल्यावर माझाच चहा गार झाला. दाजींवर रागावू नको, माणूस मनानं चांगला, फक्त तोंडाला दार नाही.

अक्का, मी दारू गाळतो हे खरं आहे. पिण्यासाठी नाही, जाळण्यासाठी. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, घासलेट मिळत नाही. इथं मोटारीच्या पेट्रोलात हाच दारूचा अर्क मिसळतात अन् मोटार बिनतक्रार चालते. आमचे प्रोफेसर म्हणतात, मोह आपल्या रानात फुलतो, उसाची मळी फुकट जाते, मग जळणासाठी समुद्रापलीकडं काहून पाहायचं? मला तेच शिकायचं आहे, तेच करायचं आहे. आयुष्यभर.

आता तुला समजेल असं. जळणं म्हणजे काय, तर जळणाच्या पोटातल्या कोळशाला हवेतला प्राणवायू मिळणं. त्याला जेवण समज. घासलेटाच्या एकेका कणात कोळशाचे दहा-बारा, कधी पंधरा अणू ओळीनं बसलेले असतात. पंगत मोठी अन् वाढपी थोडे. सगळ्यांपर्यंत वाढप पोचत नाही. जे उपाशी राहतात ते न जळता वर निघून जातात अन् कंदिलाच्या काचेला जाऊन बसतात. तीच काजळी. दारूच्या कणात कोळशाचे अणू दोनच. अन् त्यात भर म्हणजे, प्राणवायूचा एक अणू तिनं घरूनच पदराला बांधून आणलेला असतो. पंगत झटक्यात जेवून उठते, पत्रावळीवर शीत उरत नाही. म्हणून तिला धूर नाही, काजळी नाही. मागं राहते ती पाण्याची वाफ अन् आपण श्वासावाटे सोडतो तसली हवा.

एक गंमत सांगतो. घासलेटाची ज्योत पिवळी दिसते, ती त्या उपाशी कोळशामुळंच. ते कण तापून लाल-पिवळे होतात, त्यांचाच उजेड पडतो. दारूची ज्योत निळी अन् फिकी. उजेड जवळजवळ नाहीच, पण आंच भरपूर.

तुझ्या खोलीतला धूर वाचून मला राहवलं नाही. कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा भावसिंग इथं मोटार चालवतो, तो घरी येतो आहे. त्याच्याबरोबर पितळेचा एक स्पिरिटचा दिवा, तिवई अन् दोन बाटल्या स्पिरिट पाठवतो. दूध-पाणी त्यावर तापव. चुलीपासून दूर ठेव. उन्हात ज्योत दिसत नाही, म्हणून विझली समजून हात घालू नको. अन् पेटत्या दिव्यात कधी ओतू नको. बाटलीत विष मिसळलेलं असतं, कोणी पिऊ नये म्हणून, तर ती कडीकुलपात ठेव.

आबांनी विचारलं तर औषधाचं पाणी आहे म्हणून सांग. तेवढा कागद सही होऊन येऊ दे, मग मी स्वतः येऊन सगळं सांगेन.

भाचीच्या नाकाचा एक मुका घेणे. ते नाक आता माझी जबाबदारी आहे.

तुझा,
हरी

———

॥ श्री ॥

डोंगरकडा,
ता. २४ जानेवारी १९४४

चि. हरिचंद यास अक्काचा आशीर्वाद, अन् कानाला एक चिमटा पण. चिमटा काहून ते खाली वाच.

भावसिंग दिवा घेऊन आला. शहाण्या माणसानं बाटल्या धोतरात गुंडाळून, मांडीवर लेकरू घ्यावं तशा आणल्या. त्यानंच पेटवून दाखवला. पाणी चटचट तापलं अन् धूर म्हणशील तर नावाला न्हाई. इतक्या दिवसांनी मी डोळे उघडून लेकराचं तोंड पाह्यलं रे. लई गोड हाय ती. तुझी ती पंगतीची गोष्ट मी तिला दोनदा सांगितली, ती हुंकार देते. तुझ्या दाजींपेक्षा तिला जास्त समजतं.

आता पराक्रम ऐक. लेकराचं काजळ सरलं होतं. आत्याबाईंनी मनात घेतलं, की मामाच्या घरच्या दिव्याचं काजळ लेकराला लाभतं, अन् मामानं तर पितळेचा नवा दिवा धाडला हाय, मग एरंडेलाची पणती काहून लावायची? सकाळी न्हाऊन, देवाला हात जोडून, त्यांनी तुझा दिवा पेटवला. दोन विटा मांडल्या, वर काशाची थाळी पालथी घातली अन् जपमाळ घेऊन समोर बसल्या. मी आंघोळीला गेले होते, न्हाईतर मुळातच थांबवलं असतं.

थोड्या वेळानं थाळी उचलून पाहतात तर काजळ न्हाई. उलट थाळीला घाम फुटलेला, पाण्याचे बारके थेंब. पुन्हा ठेवली. थेंब वाळले, थाळी कोरडी ठणठणीत, अन् अशी लख्ख की आत्याबाईंना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. बाहेर ऊन होतं, ज्योत बी दिसंना. खाली जाळ न्हाई, वर काजळ न्हाई अन् थाळी तर हाताला पोळून राहिली. आत्याबाईंनी अशी बोंब ठोकली, की चार घरची माणसं गोळा झाली. म्हणत होत्या, ही भुताची आग हाय, ही आगीतून पाणी काढते, लेकराला उचला. शेजारच्या शकुंतलाबाई तर हातातली भाकर तशीच थापत थापत पळत आल्या.

आबा गोठ्यातून आले. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, थाळी हातात घेतली, उलटीपालटी करून पाह्यली. तुला ठाऊकच हाय, विठोबाच्या देवळातला कंदील सहा वर्षं आबाच पुसतात. काजळीची पारख त्यांच्याइतकी गावात कोणाला न्हाई. त्यांनी देवळातून कंदिलाची काच आणली, दिव्यावर धरली अन् मनात आकडे मोजल्यावाणी उभे राह्यले. काच जशी धरली तशीच. मग त्यांनी मला विचारलं, की ह्याच्यात जळतं काय.

हरी, तू लिहिलं होतंस की औषधाचं पाणी म्हून सांग. माझ्या मांडीवर वीस-बावीस दिवसांचं लेकरू, समोर बाप, अन् मी लबाड बोलू? त्याचाच तो चिमटा. मी सांगून टाकलं, की आबा, ही दारूच हाय, हरी जी गाळतो तीच, अन् तो ती जाळायला गाळतो. पंगतीची गोष्ट बी सांगितली, जशी आठवली तशी. मला वाटलं होतं आबा दिवा उकिरड्यावर फेकतील. त्यांनी तो फुंकला न्हाई, फेकला न्हाई, टोपण घालून माझ्या खोलीत नेऊन ठेवला. मग दिवसभर जेवले न्हाईत. माझा जीव टांगणीला.

आज सकाळी मला म्हणाले, की त्याला एक सवाल लिही. ही येवढी साफ जळते, तर मग माणसाच्या पोटात जाऊन काळं काहून करते? माझ्या ग्यानबाचं तिनं काय केलं, हे तुमच्या पुस्तकात हाय का? कागद अजून देवळीतच हाय. सही न्हाई.

आता तू आबांनाच लिही, मला नको. अन् खरं लिही.

आत्याबाईंनी शेवटी एरंडेलाच्या पणतीवर काजळ धरलं. लेकराच्या गालावर येवढी मोठी तीट लावलीय, की गाल शोधावा लागतो.

तुझ्या पाठीशी उभी असलेली,
अक्का

———

हैदराबाद,
ता. ३१ जानेवारी १९४४

तीर्थरूप आबांच्या पायांवर डोकं ठेवून हरिचंद लिहितो, की

पहिल्यांदा माझी चूक. चार वर्षं मी काय शिकतो हे तुम्हांला मीच सांगायला पाहिजे होतं. भ्यालो. तुमच्यापुढं त्या वस्तूचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. अन् अक्काला लबाड बोलायला सांगितलं, ते तर त्याहून वाईट. ती तुमची खरी लेक निघाली.

तुमच्या सवालाचं उत्तर पुस्तकात जेवढं आहे तेवढं लिहितो. दिव्यात ती ज्योत होऊन जळते, भोवती मोकळी हवा असते, क्षणात सगळं जळून जातं. माणसाच्या पोटात ज्योत पेटत नाही. तिथं काळीज, म्हणजे पोटातलं यकृत, तिला हळूहळू जाळत बसतं, अन् पहिल्या पायरीवर ती अर्धवटच जळते. त्या अर्ध्या जळण्यातून एक विष तयार होतं. थोडी असली तर काळीज ते विष निस्तरतं. रोज, भरमसाट, उपाशी पोटी ओतली तर निस्तरता निस्तरता काळीजच खलास होतं. काकाचं पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते, ते त्याचंच.

पण आबा, काका मुळात प्यायला काहून लागला, अन् सोडायचं म्हणून सोडू काहून शकला नाही, हे माझ्या पुस्तकात नाही. प्रोफेसरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मलाही ठाऊक नाही. मी तुम्हांला खोटं उत्तर देणार नाही.

मी ही वस्तू रोज हाताळतो. एक थेंब कधी जिभेला लावला नाही, लावणार नाही. हे तुमच्या माळेची शपथ घालून सांगत नाही, कारण माळ तुमची आहे. माझ्याच जबानीवर सांगतो.

कागदाबद्दल. इथली पोरं म्हणतात, वालिदची सही तूच ठोकून दे, कोण पाहतो. मी तसं करणार नाही. तुम्ही ‘ये’ म्हणालात तर पेटी बांधून येईन, औत धरीन अन् तोंडातून शब्द काढणार नाही. मला वाईट वाटेल, लई वाटेल, ते मात्र लपवता येणार नाही.

आपला आज्ञेत राहणारा,
हरिचंद

———

॥ श्री ॥

डोंगरकडा,
ता. ७ फेब्रुवारी १९४४

चि. हरिचंदास तातेरावाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. अनुसयेकडून दोनदा वाचून घेतलं, मग मी मपल्या डोळ्यानं एकदा वाचलं. पुस्तकात न्हाई ते न्हाई म्हून लिहिलंस, हे बरं केलंस.

तू येऊ नको. मीच येऊन राह्यलो. नांदेडहून गुरुवारची गाडी धरतो. सामान बांधायचं का ठेवायचं ते मी तिथं डोळ्यानं पाहून सांगीन. कागद माझ्यापाशी हाय.

इकडं जवारी चांगली हाय. तांबडी गाय गाभण हाय. तब्येत जपणे.

तातेराव

———

हैदराबाद,
ता. १२ फेब्रुवारी १९४४

ति. अक्कास तिच्या भावाचा नमस्कार. हे पत्र उभ्यानं वाचू नको, लेकीला मांडीवर घेऊन बैस.

आबा काल सकाळी गाडीतून उतरले. डोक्याला फेटा, काखेत घोंगडी, हातात तुझ्या हातच्या धपाट्यांचं गाठोडं. मला वर-खाली पाहून म्हणाले, वाळलास. मग स्टेशनाबाहेरच्या मोटारीपाशी थबकले, खाली वाकून वास घेतला अन् विचारलं की हिच्यात पण ती हाय का. मी म्हटलं, असेल थोडी. मोटारवाला त्यांच्याकडं पाहतच राहिला.

प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी जोडे काढले. देवळात काढावे तसे, ओळीनं. मी हादरलो, कारण आत फरशीवर तेजाब सांडलेलं असतं. जोडे घाला म्हणून विनवण्या केल्या तर म्हणतात, जिथं लेकरू विद्या शिकतं तिथं जोडे घालून कसं जाऊ? शेवटी प्रोफेसरसाहेब आले, त्यांनी फरशीला पडलेलं एक भोक दाखवलं अन् फरशीचं असं होतं तर पायाचं काय होईल, असं आपल्या उर्दूत समजावलं. तेव्हा कुठं घातले. अक्का, साहेबांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की चौदा वर्षं इथं शिकवतो, पण ह्या खोलीची अशी इज्जत कोणी केली नव्हती.

मी मोहाची दारू दुसऱ्यांदा गाळायला लावली होती. आबा स्टुलावर बसले नाहीत. उभं राहून नळीतून पडणारा एकेक थेंब पाहत होते. वास सुटला तसं त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. तो वास काकाच्या कपड्यांना असायचा, तुलाही ठाऊक आहे. मला वाटलं, झालं, आता पेटी बांधायची. 

मग आबा वळले अन् म्हणाले, की जाळून दाखव. मी चिनी मातीच्या बशीत थोडी ओतली. काडी ओढणार, तोच त्यांनी काड्यापेटी माझ्या हातातून घेतली. माळ उपरण्याच्या आत सारली अन् स्वतः काडी लावली. निळी ज्योत भप्पकन उठली. आबा मागं सरले नाहीत. ती जळून संपेपर्यंत दोन्ही हात टेबलावर टेकून उभे होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसतही नव्हते, अन् अक्का, त्या जाळाला धूर नव्हता.

ज्योत विझली. बशीच्या तळाला नुसती ओल राहिली होती. आबांनी त्यातून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं, मलाही दाखवलं. बोट स्वच्छ होतं. मग बंडीच्या खिशातून कागद काढला, साहेबांची दौत मागितली अन् ओल्या बोटांनीच मोडीत सही केली. कागद मी तासाभरात दफ्तरात देऊन आलो. मला परीक्षेला बसता येतं, अक्का. मी बसणार.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी माझं डोकं धरून ठेवलं. सगळ्या पोरांसमोर, साहेबांसमोर ते म्हणाले, "हिनं माझा भाऊ जाळला, हरी. आता तू हिला जाळ."

मायेत ठेव,
हरी